डिस्क ९० टक्क्यांवर अडकते: रायटर बदलण्याआधी काय तपासायचं, आणि बदलायचाच तर कोणता घ्यायचा

तक्रार साधारण अशी असते. डीव्हीडी रायटर काही दिवस नीट चालतो. मग एखादी डिस्क राइट होताना मध्येच एरर येते आणि ती डिस्क फुकट जाते. दुसरी घातली की होते. चार दिवसांनी परत तेच. शेवटी माणूस वैतागून नवा रायटर आणतो, पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा ९० टक्क्यांवर गाडी अडते. ‘हाही खराबच निघाला’ म्हणत तिसऱ्याची शोधाशोध सुरू होते.

मी स्वतः या फेऱ्यातून गेले आहे. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवायचं काम हाती घेतलं होतं, साठेक डिस्क लागणार होत्या. पहिला रायटर सातव्या-आठव्या डिस्कपासून त्रास द्यायला लागला. बदलला. दुसराही दोन आठवड्यांत जवळपास त्याच जागी अडखळायला लागला. दोन्ही रायटर वेगळ्या कंपन्यांचे, दोष मात्र हुबेहूब सारखा. तेव्हा लक्षात आलं की एवढ्या सगळ्या खटपटीत एक गोष्ट मी बदललीच नव्हती: ५० कोऱ्या डिस्कचा तो गोल डबा. दुसऱ्या कंपनीच्या पाच डिस्क आणल्या, काढून ठेवलेला पहिला रायटर परत जोडला, आणि पाचही डिस्क पहिल्या फटक्यात झाल्या.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की रायटर निवडायचं काम सगळ्यात शेवटी करा. आधी दोष डिस्कचा, वायरचा, वीजपुरवठ्याचा, की खरोखर रायटरचा, हे नक्की करा. ते एकदा कळलं की कोणत्या प्रकारचा रायटर घ्यायचा याचं उत्तरही बरंचसं त्यातूनच मिळतं.

वाया गेलेली डिस्क टाकू नका, ती बघा

फसलेली डिस्क हा तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा आहे. दिव्याखाली धरून खालची बाजू थोडी तिरकी करा. राइट झालेल्या भागाचा रंग कोऱ्या भागापेक्षा किंचित गडद दिसतो आणि दोन्हींच्या मध्ये एक गोल सीमारेषा असते. डीव्हीडीवर लिहिणं आतून बाहेर होत जातं, त्यामुळे ती रेषा कुठे आहे यावरून काम कुठे थांबलं ते डोळ्यांनी दिसतं. माझ्या वाया गेलेल्या सगळ्या डिस्कवर ती रेषा बाहेरच्या काठापासून तीन-चार मिलिमीटर आत होती. एकावर एक ठेवल्या तर जवळजवळ जुळत होत्या. एखादी सुटी चूक असती तर ती कधी आत, कधी मध्ये, कधी बाहेर अशी विखुरलेली दिसली असती.

रेषा काठाजवळ असेल तर पहिला संशय डिस्कवर आणि दुसरा वेगावर घ्या. १६एक्सला (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या १६ पट वेगाने) राइट करताना डिस्क मिनिटाला ९ हजारांहून जास्त फेरे घेते आणि तिचा काठ ताशी २०० किलोमीटरच्या घरात धावत असतो. आतल्या बाजूला सुरुवात साधारण साडेसहा एक्सने होते, पूर्ण १६एक्स वेग मिळतो तो थेट काठापाशी. म्हणजे लेझरला सगळ्यात कमी वेळ मिळतो तोही तिथेच, आणि डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर असमान असण्याची, डिस्क थोडी वाकलेली असण्याची, तिला बोटं लागलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त तीही तिथेच. हलक्या दर्जाच्या डिस्क हटकून काठालाच फसतात त्या यामुळे.

रेषा दिसतच नसेल, म्हणजे काम सुरू होता होताच थांबलं असेल आणि स्क्रीनवर ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची एरर असेल, तर गोष्ट वेगळी आहे. लिहायला सुरुवात करण्याआधी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत छोटे छोटे प्रयोग करतो आणि या डिस्कला लेझर किती जोरात मारायचा ते ठरवतो. ते गणित जमलं नाही की ही एरर येते. एक तर डिस्क त्याच्या ओळखीची नाही, नाही तर लेझर थकला आहे.

आणि रेषा दर वेळी वेगळ्या ठिकाणी, विशेषतः मध्यावर कुठेतरी असेल, तर डिस्क बाजूला ठेवा आणि वायर, वीज आणि कॉम्प्युटर यांच्याकडे वळा.

डिस्क आणि रायटर यांची ओळख

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं इथलीच असतात.

प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर, ती कोणी बनवली आणि कोणत्या प्रकारची आहे, हे सांगणारा एक कोड आधीपासून कोरलेला असतो. डब्यावरचं नाव आणि हा कोड यांचा संबंध असेलच असं नाही. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल असू शकतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आत बसवलेल्या प्रोग्राममध्ये) अशा कोडची यादी असते आणि प्रत्येक कोडपुढे लिहिण्याची पद्धत दिलेली असते: कोणत्या वेगाला लेझरचा जोर किती, ठोका किती लांबीचा, वगैरे. डिस्क आत गेली की रायटर कोड वाचतो, यादीत शोधतो आणि त्याप्रमाणे लिहितो. कोड यादीत सापडला नाही तर एका सर्वसाधारण पद्धतीने लिहितो. ती कधी जमते, कधी जमत नाही, आणि जमली तरी बेताचीच.

हा कोड बघणं सोपं आहे. इमेजबर्न हा मोफत प्रोग्राम उघडा, कोरी डिस्क घाला, उजव्या बाजूच्या माहितीत ‘डिस्क आयडी’ अशी ओळ दिसेल. या प्रोग्रामची शेवटची आवृत्ती २०१३ ची असली तरी या कामाला आजही तो पुरतो. ‘एमसीसी ००४’ दिसलं तर ती मित्सुबिशी केमिकलच्या कोडची १६एक्स डीव्हीडी प्लस आर आहे (प्लस आर आणि डीव्हीडी-आर हे कोऱ्या डिस्कचे दोन वेगळे प्रकार). ‘टीवायजी०३’ दिसलं तर तैयो युडेनच्या कोडची डीव्हीडी-आर. जुन्या सल्ल्यांमध्ये ही दोन नावं वारंवार भेटतात, आणि एकेकाळी तो सल्ला योग्यच होता. पण तैयो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला, आणि मित्सुबिशी केमिकलने व्हर्बेटिम हा डिस्कचा व्यवसाय सीएमसी मॅग्नेटिक्सला विकायचं २०१९ मध्ये ठरवलं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या डिस्कच्या याद्या आज जशाच्या तशा वापरू नका. आत्ता तुमच्या हातात असलेल्या डिस्कचा कोड बघा, त्या कोडच्या पाच डिस्क करून बघा, आणि तुमच्या रायटरशी पटल्या तरच मोठा डबा घ्या.

फर्मवेअर अपडेटचा खरा उपयोगही इथेच असतो. बहुतेक अपडेटमध्ये नव्या डिस्कचे कोड आणि जुन्यांच्या सुधारलेल्या पद्धती असतात. रायटर जुना आणि डिस्क नवी असेल तर आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या अचूक मॉडेलचं फर्मवेअर आहे का ते बघा. मॉडेल ‘जवळपास तेच’ असून चालत नाही, अक्षर नि अक्षर जुळलं पाहिजे. चुकीचं फर्मवेअर चढवलं तर रायटर कायमचा जाऊ शकतो. अपडेट चालू असताना ट्रे रिकामा ठेवा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

वेगाबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, डिस्कवर १६एक्स लिहिलंय म्हणजे १६एक्सलाच राइट करायची. दुसरा, जितकी हळू तितकी चांगली, म्हणून सगळं २एक्सला करायचं. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर जलद लिहिण्यासाठी जुळवलेला असतो, आणि फर्मवेअरमधली पद्धतही वरच्या वेगांसाठी घासूनपुसून घेतलेली असते. फार हळू लिहिलं तर परिणाम कधी कधी उलट वाईट येतो. १६एक्सच्या डिस्क मी ८एक्स किंवा १२एक्सला करते. वेळ थोडाच वाढतो. १६एक्सला पूर्ण डिस्क सहा मिनिटांच्या आसपास होते, ८एक्सला आठ-दहा मिनिटं लागतात. चार मिनिटांसाठी डिस्क वाया घालवण्यात काहीच अर्थ नाही.

आणखी एक साधा उपाय: डिस्क काठोकाठ भरू नका. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते ४.७ अब्ज बाइटच्या हिशेबाने. विंडोज तीच जागा ४.३८ जीबी म्हणून दाखवतं. त्यातही मी सव्वाचारच्या पुढे जात नाही, म्हणजे बाहेरचा काठ मोकळाच राहतो. काठालाच फसणाऱ्या डिस्कचा उरलेला डबा मी असाच संपवला: डिस्कमागे साडेतीन जीबी, ८एक्स वेग. एकही गेली नाही. अर्थात जपून ठेवायच्या गोष्टी त्या डब्यावर ठेवल्या नाहीत.

कोरी डिस्क न घालवता तपासणी

डीव्हीडी-आर या प्रकारात राइट करण्याची रंगीत तालीम करता येते. इमेजबर्नमध्ये ‘टेस्ट मोड’ची खूण करा. सगळं काम खऱ्यासारखं चालतं, डेटा वाहतो, डिस्क पूर्ण वेगाने फिरते, फक्त लेझर जोरात पेटत नाही. डिस्क कोरीच राहते. डीव्हीडी प्लस आरमध्ये ही सोय नाही, म्हणून तपासणीसाठी एक-दोन डीव्हीडी-आर मुद्दाम जवळ ठेवा.

तालीम लागोपाठ तीनदा नीट पार पडली आणि खरं राइट मात्र फसलं, तर केबल, हार्ड डिस्क आणि कॉम्प्युटर बहुतेक निर्दोष. संशय डिस्क आणि लेझर यांच्यावरच राहतो. तालमीतच अडलं, तर नवी डिस्क आणण्यात अर्थ नाही, दोष डिस्कच्या अलीकडे, वायर, वीज किंवा कॉम्प्युटर यांच्यात आहे.

यूएसबीवर चालणाऱ्या रायटरला मात्र ही परीक्षा पुरी पडत नाही. खरं लिहिताना लेझर जास्त वीज खातो, त्यामुळे तालमीत पास झालेला रायटर वीज कमी पडून खऱ्या वेळी नापास होऊ शकतो.

वायर, पोर्ट आणि वीज

जुना कॉम्प्युटर, चपटी रुंद आयडीई केबल आणि विंडोज एक्सपी असेल तर सगळ्यात आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रायटरच्या चॅनेलचा ‘ट्रान्सफर मोड’ बघा. तिथे डीएमए (प्रोसेसरला न अडवता डेटा थेट नेण्याची जलद पद्धत) असायला हवं. पीआयओ (प्रोसेसरमार्फत नेण्याची जुनी, संथ पद्धत) दिसलं तर कारण सापडलं. डेटा नेण्या-आणण्यात सहा वेळा चूक झाली की एक्सपी स्वतःहून वेग उतरवत उतरवत पीआयओवर येतं आणि पुन्हा आपणहून वर जात नाही. पीआयओ जास्तीत जास्त सेकंदाला १६.६ एमबी नेऊ शकतं, आणि १६एक्सला रायटर मागतो सुमारे २२ एमबी. शिवाय सगळा भार प्रोसेसरवर पडतो, माउससुद्धा अडखळत चालतो. ते चॅनेल डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की डीएमए परत येतं. पण काही दिवसांत पुन्हा पीआयओवर घसरलं तर केबल बदला, कारण त्या सहा चुका कुठून तरी येतच आहेत. ‘नवा रायटर पंधरा दिवस चालला आणि मग बिघडला’ या तक्रारीमागे कित्येकदा हीच घसरण असते. रायटर नवा असतो, केबल जुनीच राहिलेली असते.

साटा या नव्या, बारीक केबलमध्ये हा घोळ नाही, पण ती सैल बसते. विशेषतः पकडीची क्लिप नसलेली केबल रायटरच्या थरथरीने हळूहळू निसटते. काढून पुन्हा घट्ट बसवा. मदरबोर्डवर कधी कधी दोन प्रकारचे साटा पोर्ट असतात, काही मुख्य चिपसेटचे आणि काही वेगळ्या जादा चिपचे. बऱ्याचदा त्यांचे रंगही वेगळे असतात. रायटर मुख्य चिपसेटच्या पोर्टलाच लावा. जादा चिपवर हार्ड डिस्क बिनतक्रार चालते आणि रायटर मात्र रुसतो, असं मी दोन कॉम्प्युटरवर पाहिलं आहे. पोर्ट बदलल्यावर दोन्हीकडची कटकट थांबली.

डेटा कुठून येतो तेही बघा. पेन ड्राइव्हवरून किंवा वायफायवरून थेट राइट करू नका, आधी फाइल कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर घ्या. रायटरचा बफर (लिहायचा डेटा क्षणभर साठवणारी जागा) रिकामा झाला तर आजचे रायटर थांबतात आणि पुन्हा तिथून जोडून घेतात, डिस्क वाया जात नाही. पण जितके सांधे जास्त, तितकी ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर अडखळण्याची शक्यता जास्त.

आता वीज. माझा तिसरा अनुभव इथला आहे. लॅपटॉपसाठी एक बारका, यूएसबीवर चालणारा रायटर घेतला होता. वाचायला उत्तम. राइट करताना मात्र कधी १५ टक्क्यांवर, कधी ६० वर बंद पडायचा. शांतपणे कान देऊन ऐकलं तेव्हा क्रम कळला: डिस्क वेग घेते, मोटरचा आवाज चढत जातो, मग एक ‘टक्’, आवाज उतरतो, आणि त्याच क्षणी विंडोजचा यूएसबी काढल्याचा सूर वाजतो. लगेच यूएसबी जोडल्याचा. म्हणजे रायटर क्षणभर मरून पुन्हा उठत होता. तो हबला लावला होता, आणि त्याच हबवर एक हार्ड डिस्कही होती.

यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. बारका रायटर मोटर फिरवायला सुरुवात करताना आणि लेझर जोरात असताना त्याहून जास्त ओढू शकतो. हब काढून रायटर थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला, सोबत आलेल्या आखूड केबलने लावला, आणि दोष गेला. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूचे पोर्ट टाळा. ते आतून लांब वायरीने आलेले असतात. मागचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट वापरा. दोन तोंडांची वाय केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या मोठ्या रायटरला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट दोन्ही लागतात, ते एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येतात. एसएमपीएस जुना झाला असेल तर कॉम्प्युटर एरवी ठीक चालतो आणि रायटर वेग घेतानाच धापा टाकतो. दुसऱ्या मोकळ्या वायरीवरून वीज देऊन बघा.

लेझर खरंच गेला आहे का

डीव्हीडी रायटरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात. सीडी वाचल्याही जातात, लिहिल्याही जातात, आणि डीव्हीडी मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या घालूनही होत नाहीत, अशी स्थिती असेल तर डीव्हीडीचा लेझर अशक्त झाला आहे किंवा भिंगावर धूळ आहे. लॅपटॉपच्या आणि बारक्या रायटरमध्ये ट्रे उघडला की भिंग समोरच दिसतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल नुसतं लावून, अजिबात दाब न देता, गोल फिरवून पुसा आणि वाळू द्या. मोठ्या रायटरमध्ये भिंग आत असतं. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्क मिळतात, पण वेगाने फिरणारा ब्रश एवढ्या नाजूक भिंगावर आदळू देणं मला पटत नाही.

पुसूनही फरक नाही, वेगळ्या कोडच्या डिस्क, दुसरी केबल, दुसरा पोर्ट, सगळं करून झालं, आणि शक्य असेल तर रायटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावूनही तोच दोष आला, तर मात्र रायटर संपला. आता नवा घ्या.

नवा कोणता

डेस्कटॉप असेल आणि कॅबिनेटला सव्वापाच इंची जागा असेल तर आतला, साटाचा, मोठा रायटर. माझ्या मते दुसरा विचार करायचं कारण नाही. त्याला भरपूर वीज मिळते, डिस्क नीट पकडली जाते, यंत्रणा भक्कम असते, आणि तो १६एक्सच्या पुढेही जातो. खोक्यावरच्या २२एक्स-२४एक्सकडे मात्र बघू नका. बाजारातल्या डिस्क १६एक्सच्या असतात आणि तुम्ही राइट करणार ८ किंवा १२एक्सला.

लॅपटॉप असेल, किंवा कॅबिनेटला पुढून तोंडच नसेल, तर बाहेरचा घ्यावा लागेल. त्यात दोन जाती आहेत. एक बारका, फक्त यूएसबीवर चालणारा. तो राइट करताना ८एक्सपर्यंत जातो आणि अधूनमधून चार डिस्क करायला पुरेसा आहे. दुसरा मोठा, स्वतःचा अडॅप्टर असलेला. तुम्हाला एका बैठकीत दहा-वीस डिस्क करायच्या असतील तर हा दुसरा शोधा, किंवा मोठा साटा रायटर घेऊन स्वतंत्र वीज असलेल्या बाहेरच्या डब्यात बसवा. नुसत्या यूएसबी ते साटा वायरीवर मोठा रायटर चालणार नाही, त्याला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीचा साधा पोर्ट ५ व्होल्टच देतो.

लॅपटॉपच्या आतला बदलायचा असेल तर जाडी मोजून घ्या. मुख्यतः १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या असतात आणि एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. जुन्या रायटरची पुढची पट्टी काढून नव्यावर लावावी लागते, तेव्हा जुना लगेच टाकून देऊ नका.

पुढच्या पट्टीवरच्या नावावर फार भिस्त ठेवू नका. हिताची-एलजी डेटा स्टोरेज आणि तोशिबा-सॅमसंग या जोड-कंपन्यांनी बनवलेले रायटर अनेक नावांखाली विकले गेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचएल-डीटी-एसटी’ दिसलं तर तो हिताची-एलजीचा, ‘टीएसएसटी’ दिसलं तर तोशिबा-सॅमसंगचा. वापरलेला रायटर घेत असाल तर हे नाव आणि फर्मवेअरचा क्रमांक आधी विचारा. त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे त्यावरून तो कोणत्या डिस्क ओळखेल याचा अंदाज येतो.

घेताना आणखी एकच गोष्ट मुद्दाम बघण्यासारखी: जुन्या घरगुती प्लेअरवर चालणाऱ्या डिस्क करायच्या असतील तर रायटर ‘बुक टाइप’ बदलू देतो का. डीव्हीडी प्लस आरवर ‘मी डीव्हीडी-रॉम (कारखान्यातच छापलेली डिस्क) आहे’ अशी नोंद करता येते, आणि प्लस आर नाकारणारे कित्येक जुने प्लेअर मग ती डिस्क घेतात. डीव्हीडी-आरवर हे करता येत नाही. दुहेरी थराच्या, ८.५ जीबीच्या डिस्क लागणार असतील तर त्या प्लस आर प्रकारच्याच घ्या आणि आधी हा बुक टाइप लावा. एम-डिस्क (दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली डिस्क) हवी असेल तर तिच्यावर लिहायला तिला चालणारा रायटर लागतो, खोक्यावर तसं छापलेलं असतं.

नवा आल्यावर पहिल्या दिवशी

आधी फर्मवेअर. मग एक सव्वाचार जीबीची डिस्क ८एक्सला करा आणि ‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं परत वाचून पडताळण्याची) खूण काढू नका. लिहून झालं की इमेजबर्न ट्रे बाहेर काढून परत आत घेतो, म्हणजे डिस्क नव्याने वाचली जाते. बारक्या रायटरचा ट्रे स्वतःहून आत जात नाही, तिथे तुम्ही बसून तो ढकलायचा असतो. कित्येक जण ‘व्हेरिफायला अडकला’ म्हणतात तेव्हा कॉम्प्युटर फक्त त्या ढकलण्याची वाट बघत असतो.

मग तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये किंवा प्लेअरमध्ये घालून शेवटचा भाग चालवून बघा, सुरुवातीचा नको. व्हिडिओ असेल तर शेवटच्या पाच मिनिटांवर न्या. काठ तिथेच असतो. न अडखळता चालली, तर डिस्कचा कोड, वेग आणि तारीख एका कागदावर लिहून डब्यात टाकून ठेवा. माझ्याकडे असा कागद आहे, त्यावर नऊ ओळी झाल्या आहेत. पुढच्या वेळी एखादी डिस्क फसली तर पहिल्यांदा तोच काढा आणि बघा की त्या ओळींपैकी आज काय बदललं आहे.